पाच शेंगा म्हणजे किती?

पाहुणे आले की लेकराला पुढे बोलवायचं आणि म्हणायचं, "काकांना एक ते पन्नास म्हणून दाखव बरं." छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या फ्लॅटमध्ये हे चालतं, तसं फुलंब्रीकडच्या एखाद्या ओसरीवरही चालतं. चार वर्षांचं पोर एका दमात पन्नासपर्यंत जातं आणि घरच्यांचा चेहरा उजळतो. आता त्याच लेकरापुढे भुईमुगाच्या शेंगांचं सूप ठेवा आणि म्हणा, "मला पाच शेंगा दे." पुष्कळदा ते मूठभर शेंगा उचलून तुमच्या हातावर ठेवतं. आठ असतील, अकरा असतील. "पाच झाल्या का?" असं विचारलं तर ठामपणे म्हणतं, "हो."

दुसरीकडे, ज्याला वीसच्या पुढे काही येत नाही असं एखादं पोर रोज संध्याकाळी जेवणाची ताटं मांडतं. घरात सहा माणसं आहेत, आज मामा आलाय, म्हणून सात ताटं. ते चुकत नाही.

पन्नासपर्यंत म्हणणाऱ्याला पाच कळत नाहीत आणि वीसलाच अडखळणाऱ्याला सात कळतात, हे कसं? या कोड्यात बालशिक्षणाचं बरंचसं मर्म आहे. लहान मूल शब्दांनी शिकतं की वस्तूंनी, वर्गात शिकतं की अंगणात, एकट्याने की माणसांत, या सगळ्या प्रश्नांची वाट त्यातून जाते.

म्हणता येणं आणि कळणं

मोजणं आपल्याला सोपं वाटतं, कारण आपण ते कधी शिकलो हे आपण विसरलेले असतो. खरं तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, शब्द ठरलेल्या क्रमाने म्हणणं. हे पाठांतर आहे, गाणं पाठ व्हावं तसंच. दुसरी, एका वस्तूला एकच शब्द देणं, एकही वस्तू न सोडता आणि एकही पुन्हा न धरता. तिसरी सर्वांत अवघड: शेवटी जो शब्द उच्चारला, तो शेवटच्या शेंगेचं नाव नसून समोरच्या सगळ्या शेंगांची मिळून संख्या आहे, हे उमगणं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास लहान मुलांना असंच "अमुक इतक्या वस्तू दे" म्हणत हा प्रवास टिपला. मुलाला आधी फक्त 'एक' कळतो. दोन मागा, चार मागा, ते मूठच देतं. काही महिन्यांनी 'दोन' कळतो, मग 'तीन'. त्यानंतर साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास एक उडी येते आणि मोजण्याचा अर्थच उलगडतो. मग पाच, सात, दहा सगळेच आकडे वापरता येतात. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती आणि मासेमारी करणाऱ्या आदिवासी समाजातल्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा पायऱ्या याच दिसल्या, पण वय पुष्कळ पुढचं होतं. म्हणजे क्रम माणसाच्या मेंदूतून येतो आणि वेग भोवतालातून.

भोवतालात नेमकं काय असावं लागतं? शिकागो विद्यापीठातल्या सुझन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांमध्ये आईवडील आणि मुलं यांच्यातलं रोजचं बोलणं रेकॉर्ड केलं. ज्या घरात मूल दीड-दोन वर्षांचं असल्यापासून संख्यांबद्दल जास्त बोलणं होतं, तिथल्या मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास संख्येचा अर्थ जास्त चांगला कळत होता. त्यातही सर्वांत उपयोगी ठरलं ते डोळ्यांसमोर असलेल्या, हात लावता येणाऱ्या वस्तूंबद्दलचं बोलणं. हवेतले आकडे फारसे कामाला आले नव्हते.

ताटं मांडणाऱ्या पोराला हेच रोज मिळत असतं. प्रत्येक माणसाला एक ताट, हे 'एकास एक' झालं. मामासाठी एक जास्त, ही बेरीज झाली. आणि चूक झाली तर कुणी तरी ताटाविना उभं राहतं, त्यामुळे ती लगेच कळते. वहीतली चूक कळायला मात्र बाईंच्या लाल पेनची वाट पाहावी लागते.

मेंदूतली विरळणी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये म्हटलं आहे की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो. हे वाक्य खासगी नर्सरीच्या जाहिरातींमध्येही दिसतं आणि ते वाचून पालक घाबरतात. वेळ निघून चालली, आताच सगळं भरून घ्या! पण विकास याचा अर्थ भरणं असा नाही.

बाजरी थोडी दाट पेरतात आणि रोपं वर आली की विरळणी करतात. लहान मेंदूत असंच काहीसं घडतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात आणि पहिल्या काही वर्षांत या जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. पुढे ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात आणि ज्या वापरल्या जात नाहीत त्या हळूहळू गळतात. कोणती राहणार आणि कोणती जाणार, हे मूल रोज काय करतं यावर ठरत जातं.

पडद्यावर सफरचंदाचं चित्र पाहताना डोळे आणि थोडेसे कान कामाला लागतात. वावरात बोरीखाली बसून बोरं वेचताना डोळे, बोटं, नाक, जीभ, तोल, काट्याची भीती आणि शेजारच्या बहिणीशी चाललेलं भांडण, सगळं एकदम कामाला लागतं. 'बोर' या शब्दाच्या जोडण्या मेंदूत अनेक ठिकाणी रुजतात, म्हणून तो शब्द टिकतो. लहान मुलांना परिसरातून शिकवा असं जाणती माणसं सांगत आली, ती यामुळेच.

हंडा, कळशी आणि कुंभाराची मुलं

स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं आणि मुलाच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतायचं. पाच वर्षांचं मूल म्हणतं, उंच भांड्यात पाणी जास्त आहे. आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं, ही समज साधारण सहा-सात वर्षांनंतर येऊ लागते. तोवर मूल उंची पाहतं आणि रुंदी विसरतं.

पण ही समज वयाबरोबर आपोआप येते का? १९६९मध्ये मेक्सिकोत झालेल्या एका अभ्यासात कुंभारकाम करणाऱ्या घरांतल्या मुलांची इतर मुलांशी तुलना केली गेली. मातीचा गोळा लांबट केला तर माती वाढते का, या प्रश्नात कुंभारांची मुलं स्पष्टपणे पुढे होती. त्यांना कुणी पियाजे शिकवला नव्हता. आईबापांबरोबर माती मळताना एकाच गोळ्याचा घट होताना आणि पुन्हा गोळा होताना त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं.

आपल्या जिल्ह्यात पाण्याची चणचण नवी नाही. पैठणला जायकवाडीचं धरण असूनही शहरात रोज नळ येत नाही, आणि उन्हाळ्यात कित्येक गावांत टँकरची वाट पाहावी लागते. हे कष्टाचं जगणं आहे, त्याचं कौतुक करावं असं त्यात काही नाही. तरीही ज्या लेकराने आईबरोबर हंडा, कळशी, बादली, तांब्या भरलेले पाहिलेत, त्याच्याकडे मापनाचा अनुभव आहे. "या बादलीत किती तांबे पाणी बसेल?" असा प्रश्न त्याला विचारायला कोणी तरी हवं, एवढंच.

धान्याची जुनी मापंही अशीच आहेत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. पायरीपायरीने दुप्पट, चौपट आणि निम्मे. कोठीच्या खोलीत किंवा माळ्यावर ही मापं अजून पडलेली असतील तर ती भंगारात देऊ नका. अंगणवाडीला द्या. दुकानातल्या रंगीत प्लास्टिकच्या संचापेक्षा त्यांत जास्त गणित आहे.

आणि दगडमातीचं काय सांगावं! हा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम पाणी पिऊन टाकतो, चिकण माती धरून ठेवते. दोन करवंट्यांत दोन प्रकारची माती घ्या, वर सारखंच थोडं पाणी ओता आणि पोरांना विचारा, "कुठलं आधी जिरेल?" अंदाज करणं, करून पाहणं आणि अंदाज चुकला तर का चुकला याचा विचार करणं, विज्ञानाची ही सगळी रीत चार वर्षांच्या मुलाला झेपते. शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. तिथे कैलास लेण्याच्या जोत्याशी हत्तींची रांग आहे. सहलीला नेलेल्या पोरांना राष्ट्रकूटांचा इतिहास सांगण्याआधी ते हत्ती मोजू द्या. आणि ज्या काळ्या पाषाणातून ते कोरले आहेत, तसाच दगड गावच्या बांधावर आहे हे त्यांना हात लावून कळू द्या.

पेन्सिलीच्या आधीची बोटं

तीन वर्षांच्या मुलाकडून 'अ' गिरवून घेणाऱ्या शाळांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या कडेसारखी लवचिक असतात. ती एकेक करून टणक होत जातात आणि हे काम दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत चालतं. तीन-साडेतीनच्या वयात बोटांची पकडही पुरती बसलेली नसते. अशा हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळतं, कागद फाटतो आणि लिहिण्याबद्दल एक अढी मनात बसते. पुढे ती काढायला फार श्रम पडतात.

मग त्या आधी काय करायचं? घरात जे चालतं तेच. तुरीतून खडे वेचणं, शेंगा सोलणं, लसूण निवडणं, कणकेचा गोळा वळणं, वातीसाठी कापूस पिंजणं. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीने जवारीचा दाणा उचलणं आणि पेन्सिल धरणं यांत स्नायू तेच आहेत. पोळ्याला मातीचे बैल करताना दोन्ही शिंगं सारखी हवीत, चारही पाय एका उंचीचे हवेत, नाहीतर बैल कलंडतो. हे हाताचं शिक्षण आहे आणि भूमितीचंही.

रांगोळीचं तर मोठं मोल आहे. दारात आजी ठिपके टाकते: पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच ठिपके. मग ठिपक्याला ठिपका जोडत आकृती उभी राहते. वस्तूकडून चिन्हाकडे जाताना मधे चित्राची पायरी असते, आणि ठिपक्यांची रांगोळी ही नेमकी ती पायरी आहे. मुलाला पांढरी रेघ ओढू द्या. वाकडी येईल, येऊ द्या.

घरची बोली आणि टाळीचा खेळ

या जिल्ह्याच्या अंगणवाडीत एका सतरंजीवर किती भाषा बसतात, याचा विचार आपण फारसा करत नाही. कन्नड-सोयगावकडच्या बंजारा तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं. शहागंज-किराडपुऱ्याकडचं घरी दखनी किंवा उर्दू बोलतं. वाळूजच्या कारखान्यांसाठी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातलं भोजपुरी किंवा हिंदी बोलतं. आणि ज्यांची घरची भाषा मराठी आहे त्यांचीही मराठवाडी बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा निराळी असते. "असं नाही, शुद्ध बोल" म्हणत मुलाला मधेच तोडलं की ते गप्प होतं. गप्प झालेलं मूल शिकत नाही, कारण या वयात भाषा देवाणघेवाणीतून वाढते. मूल काही तरी बोट दाखवून म्हणतं, मोठं माणूस तिकडे पाहतं, त्याला उत्तर देतं, मूल पुन्हा काही म्हणतं. या येण्याजाण्यावर शब्दसंग्रह उभा राहतो. आईच्या बोलीत आलेली कल्पना पक्की झाली की तिच्यावर मराठीचा किंवा इंग्रजीचा शब्द चढवणं सोपं असतं. कल्पनाच नसेल तर शब्द लोंबकळत राहतो. म्हणून तांड्यावरच्या अंगणवाडीत गोरमाटी येणारी सेविका असणं ही गरजेची बाब मानली पाहिजे.

वाचनाची तयारीही कानापासून होते. 'कावळा' म्हणताना का-व-ळा अशा तीन टाळ्या वाजवणारं मूल शब्दाचे तुकडे ऐकायला शिकत असतं. देवनागरीत साधारणपणे एका अक्षराला एक असा तुकडा असतो, म्हणून टाळ्यांचा हा खेळ मराठी वाचायला थेट उपयोगी पडतो. यमकं, बडबडगीतं, जात्यावरच्या ओव्या, वासुदेवाची गाणी, या सगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे कान तयार केले.

गोष्टींचं काम वेगळं. पैठणच्या संत एकनाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतलं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट मराठवाड्यात कुणाला माहीत नाही? पण ती ऐकताना मुलाच्या डोक्यात काय चालतं ते पाहा. ते पाणी कुठे न्यायचं होतं हे लक्षात ठेवावं लागतं. गाढवाला काय वाटलं याची कल्पना करावी लागते. सोबतचे लोक का रागावले आणि नाथांनी तसं का केलं, ही दोन टोकं जुळवावी लागतात. पुढे चौथीत उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, तिथे हीच शक्ती लागते. ज्या मुलाने पाचशे गोष्टी ऐकल्या त्याला तो उतारा परका वाटत नाही.

विषामृताच्या खेळालाही मी शिक्षणच म्हणतो. पळत असताना कुणी "विष" म्हणून हात लावला की जागच्या जागी गोठायचं, आणि "अमृत" मिळेपर्यंत हलायचं नाही. पळण्याची उबळ दाबून धरणं ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामगिरी आहे आणि तो भाग सर्वांत सावकाश पिकतो. वर्गात आपली पाळी येईपर्यंत थांबणं, एक गणित सुटेपर्यंत चिकटून राहणं, हे त्याच शक्तीचं रूप आहे. ती दटावून येत नाही, खेळून येते. त्यातही लहानमोठी मुलं एकत्र खेळली तर जास्त, कारण सात वर्षांची ताई चार वर्षांच्या भावाला जे समजावते ते कित्येकदा मोठ्यांना जमत नाही. ग्वाटेमालातल्या माया समाजात बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट आढळली. एका भावंडाला खेळणं करायला शिकवत असताना शेजारी नुसतं बसलेलं दुसरं भावंडही बारकाईने पाहत असे, आणि आठवड्याने त्याला तेच खेळणं करायला दिलं तेव्हा त्याला मदत कमी लागली. अमेरिकी मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांमध्ये हे पाहणं कमी दिसलं. मोठ्यांच्या कामात वावरणाऱ्या मुलांना पाहून शिकायची सवय लागते, आणि ही सवय मोडायला आपण फार उतावीळ असतो.

> चौकट : शाळा अंगणात आली तेव्हा
>
> हा सगळा विचार महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं आणि १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती आणि ती खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. खडे, शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. पाड्यावरची वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली: गुरं चरत असताना कुरणातच शिकणं. १९५७मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात १ लाख १० हजारांच्या आसपास.

नुसतं अंगण पुरत नाही

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग पोरांना मोकळं सोडा, मातीतून सगळं येईल. तसं होत नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

दिल्लीच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांत दीड हजारांवर मुलांबरोबर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. मुलांना संख्या आणि आकारांचे खेळ काही महिने खेळवले. या खेळांनी मुलांची अंदाजाची समज वाढली आणि ती वर्षभराने, शाळेत गेल्यावरही टिकून होती. पण शाळेतल्या लेखी गणितात ती मुलं पुढे गेली नाहीत. मग २०२५मध्ये 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी वगैरे विकणारी मुलं मनातल्या मनात अवघड हिशेब अचूक करत होती, पण त्याच प्रकारची गणितं पुस्तकी रूपात दिली की अडत होती. उलट, शाळेत जाणाऱ्या आणि बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजाराचे हिशेब जमत नव्हते. दोन्हीकडे ज्ञान होतं, मधे पूल नव्हता.

तो पूल मोठ्या माणसाने बांधायचा असतो. शेंगा हातात आहेत तोवर "पाच" हा शब्द ऐकवायचा. मग त्याच पाच शेंगांशेजारी पाटीवर पाच ठिपके काढायचे. मग ठिपक्यांशेजारी '५' लिहायचा आणि तिघांकडे आळीपाळीने बोट दाखवायचं. वस्तू, चित्र, चिन्ह. घाई केली की चिन्ह एकटं पडतं, आळस केला की मूल वस्तूंपाशीच थांबतं. कोणत्या दिवशी कोणत्या मुलाला पुढच्या पायरीवर न्यायचं, हे ओळखणं हे शिक्षिकेचं खरं कौशल्य आहे. अंगणवाडीच्या ताईला आपण खिचडी शिजवून वाटणारी बाई समजतो तेव्हा या कौशल्याचा अपमान करतो.

ते वापरायला तिला वेळ तरी किती मिळतो? योजनेत सहा सेवा आहेत: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. वजन-उंची घ्या, मोबाइलवर नोंदी भरा, घरी न्यायचा शिधा (टीएचआर) वाटा, सर्वेक्षणं करा. या धबडग्यात शेवटची सेवा शेवटीच राहते. उपाशी पोर शिकत नाही, त्यामुळे पोषण आधी हे खरंच. पण पोट भरलेल्या पोराशी बोलायला कुणी तरी मोकळं असायला हवं.

एका खोलीच्या घरात काय करायचं?

वाळूज, चिकलठाणा, मुकुंदवाडी भागांत हजारो कुटुंबं एका खोलीत राहतात. अंगण नाही, वावर नाही, आजी गावाकडे. कित्येकदा अंगणवाडीही भाड्याच्या खोलीत. मातीतून शिकवा हा सल्ला तिथे कसा लागू पडायचा?

गावाकडे जे चांगलं होतं त्यात जमीन होती, तशीच माणसंही होती, आणि माणसं शहरात भरपूर आहेत. गल्लीतला सुतार, इस्त्रीवाला, भाजीवाली मावशी, पंक्चर काढणारे चाचा यांच्यापैकी प्रत्येकाच्या हातात एक कसब आहे. अंगणवाडीची दहा पोरं घेऊन ताई अर्धा तास भाजीच्या गाडीशी उभी राहिली, तर पालेभाज्यांची नावं, वास, वजन, रंग, मोजणी आणि "मावशी, हे काय?" असं विचारण्याचं धाडस, सगळं साधतं. तुटक्या घमेल्यात मेथी पेरली तर तीन-चार दिवसांत कोंब दिसतो आणि पोरं रोज सकाळी आधी तिकडे धावतात. पैठणी आणि हिमरू विणणारे हात याच जिल्ह्यात आहेत. मागावर धागा खाली-वर, खाली-वर जाताना मुलांनी पाहावा. एकाआड एक अशी रचना ओळखणं हा बीजगणिताचा अगदी पहिला पाठ आहे. सणांचंही तसंच. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या मोजायला पोरांना बसवा, आणि शेजारच्या घरी ईदचा शीरखुर्मा वाट्यांत वाटला जात असेल तिथेही त्यांना हात लावू द्या. एका गल्लीतली पोरं एकमेकांचे सण हाताने शिकली तर त्यांच्या शिक्षणात मोठी भर पडेल.

एक सावधगिरी मात्र हवीच. आपला भाग कापसाचा आहे. कीटकनाशकाचे रिकामे डबे आणि बाटल्या धुऊन पाण्याला वापरायची सवय काही घरांत आहे. त्या वस्तू मुलांच्या खेळात येता कामा नयेत. विहिरीला कठडा नसेल तर तिकडची फेरी नको.

पालकांना यात ओढण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्या जिल्ह्यात झालेला आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा 'आरंभ' हा उपक्रम राज्याच्या बालविकास विभागाने युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने यवतमाळ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात राबवला. त्यातला पालक मेळावा मला फार मोलाचा वाटतो. गावातले आईबाप, आजीआजोबा एकत्र येतात आणि मुलाशी बोलायचं कसं, खेळायचं कसं, घरातल्या वस्तूंची खेळणी कशी करायची हे करून पाहतात. बाप मांडी घालून जमिनीवर बसतो आणि पोराबरोबर खेळतो. भाषणाने जे होत नाही ते अशा एका दुपारी होऊन जातं.

न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२मध्ये असंच काहीसं केलं. भाषा मरत चालली होती, तेव्हा आजीआजोबांनीच बालवाड्या चालवायला घेतल्या आणि त्यांत फक्त माओरी बोलायचं ठरवलं. १९९६मध्ये त्या देशाचा बालशिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, त्यावर या कामाची ठळक छाप होती. म्हाताऱ्या माणसांना आपण ओट्यावर बसवून ठेवलं आहे. त्यांच्याकडे ओव्या, गोष्टी, कोडी, पिकांची आणि पाखरांची नावं आहेत. आठवड्यातून एक तास त्यांना अंगणवाडीत बोलवायला कोणताही निधी लागत नाही.

निधी आणि कायदा लागतो तो पुढच्या गोष्टींसाठी. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू आहे. ३ ते ६ वयाचं शिक्षण त्या हक्कात नाही. २०२०च्या धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि २०२२मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडाही आला. पण कागदावरचा टप्पा गावात आला की नाही, हे गावालाच पाहावं लागेल. पुढच्या ग्रामसभेत, शहरात असाल तर आपल्या वॉर्डात, तीन गोष्टी विचारा. आपल्या अंगणवाडीला स्वतःची जागा आणि थोडं तरी मोकळं अंगण आहे का? ताईंना दिवसातले दोन तास फक्त मुलांबरोबर घालवता येतात का? घरी निराळी बोली बोलणाऱ्या मुलांशी तिथे कुणी त्यांच्या बोलीत बोलतं का? उत्तर 'नाही' आलं, तर ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि पुढच्या सभेत त्यावरूनच सुरुवात करा.